तणाने व्यापलेले अंगण व ओस पडलेले वाफे यांचा जीर्णोद्धार

ज्या शेतकऱ्याच्या उसाच्या फडात तणाची काडी शोधून सापडावयाची नाही, त्याच्याच घराभोवती एक फेरी मारली असता ओट्याच्या पायरीपासून परड्याच्या कुंपणापर्यंत गाजरगवत, टाकळा व आघाडा यांचे राज्य माजलेले पुष्कळदा दृष्टीस पडते. शेत पोटाला देते, अंगण काय देते, असा विचार त्याच्या मुळाशी असतो. परंतु हा विचार चुकीचा आहे. अंगणातील तणाचे बी वाऱ्याने, पाण्याने व उकिरड्यातील खताबरोबर शेतात जाते; परड्याचे वाफे ओस पडले की रोजची भाजी बाजारातून विकत आणावी लागते; आणि गुडघाभर वाढलेल्या गवतात विंचूसर्पांस आयतेच घर मिळते. यास्तव अशा जागेचा जीर्णोद्धार कसा करावा, याविषयी आम्हास स्वानुभवाने जे समजले, ते आमच्या चुकांसह वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आमची स्थिती व आमची चूक

सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचे वडिलार्जित घर आहे. घरापुढे सुमारे दीड गुंठा हरळीची हिरवळ व मागे परड्यात साधारण तितक्याच जागेत आठ वाफे, अशी आखणी आमच्या वडिलांनी केली होती. जमीन काळी, मध्यम खोलीची. विहिरीचे पाणी जवळ. वडिलांच्या पश्चात आम्ही महसूल खात्यातील नोकरीनिमित्त तालुक्या-तालुक्यांतून फिरत राहिलो व घर बारा वर्षे बहुतेक कुलपात राहिले. इतरांच्या जमिनीपुढील 'पड' हा शेरा आमच्या हातून शेकडो वेळा उतरून काढला गेला असेल. पण सेवानिवृत्तीनंतर २०२३ साली परत येऊन पाहतो तो तो शेरा खरोखर आमच्याच परड्यास लावण्याजोगा झाला होता. हिरवळीत हरळीपेक्षा लव्हाळा जास्त, मधूनमधून गाजरगवताचे रान. आणि वाफे कोठे होते हे केवळ आठवणीवरून सांगावे लागे.

त्याच जून महिन्यात ओट्याच्या खालच्या पायरीशी घोणस निघाली. आमच्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या. सायंकाळी त्या पायरीवर बसण्याची त्यांची जुनी सवय. चिरंजीवांनी त्याच रात्री निक्षून सांगितले की, पुढचे अंगण व मागचे परडे दोन्ही सिमेंटच्या ठोकळ्यांनी बंद करून टाकावे. त्यांचे म्हणणे गैरवाजवी होते असे आम्हास म्हणता येत नाही. तरीही वडिलांनी आखलेली जागा सिमेंटखाली जावी हे मनास पटेना. आम्ही दिवाळीपर्यंत मुदत मागितली व ती मिळाली.

मुदत मिळाली, पण घाई नडली. जुलै महिन्यात चांगला पाऊस होऊन वाफसा येताच आम्ही ट्रॅक्टर बोलावून परड्यात व हिरवळीच्या बिघडलेल्या भागात रोटाव्हेटर फिरविला. दोन तासांत सर्व जागा चाळलेल्या पिठासारखी दिसू लागली. आम्ही समाधानाने मेथी, कोथिंबीर व कांद्याचे बी टाकले. तीन आठवड्यांच्या आत त्या जागेत पूर्वी होता त्याच्या दुपटीने दाट लव्हाळा उभा राहिला, हरळीचा एकेक तुकडा फुटून त्याची स्वतंत्र वेल झाली, आणि मेथी खुरपण्यास बसावे तर मेथीसकट सर्वच उपटून येई. दिवाळीस चिरंजीव काही बोलले नाहीत. फक्त ठोकळ्यांचा दर विचारून आले. आम्ही आणखी एक वर्ष मागितले, आणि या वेळी आधी समजून घेऊन मग हात लावावयाचा, असे ठरविले.

तणे दोन प्रकारची

आमची चूक कोठे झाली हे समजण्यासाठी तणांचे दोन वर्ग ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला वर्ग बियांवर जगणाऱ्या तणांचा. गाजरगवत, टाकळा, काटेमाठ, आघाडा, घोळ, एकदांडी, दुधी, ही सर्व त्यात येतात. यांचे मूळ उपटले की झाड मेले. धोका काय तो बियांचा. फूल येण्यापूर्वी उपटणे हाच त्यांवर उपाय. यांपैकी गाजरगवत हे आपल्याकडचे नव्हे. ते अमेरिका खंडातील असून आपल्या देशात त्याची नोंद प्रथम पुण्यास १९५५ च्या सुमारास झाली. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सामान्यतः मानतात. एका झाडास हजारोंनी बी धरते व अंगास लागल्यास कित्येकांस खाज व पुरळ उठतो, म्हणून हातमोजे घालून, पावसाने जमीन ओली असताना, मुळासकट ते काढावे. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा बंगळूर येथे १९८४ साली सोडण्यात आला. तो आता पुष्कळ ठिकाणी पावसाळ्यात आढळतो. दिसल्यास त्यास मारू नये. मात्र केवळ त्याच्या भरवशावरही राहू नये.

दुसरा वर्ग मुळांवर जगणाऱ्या तणांचा, आणि खरा झगडा यांच्याशी आहे. आमच्याकडे त्यात दोघे मुख्य. एक हरळी, जिच्या काशा जमिनीत हात-दीड हात जातात व प्रत्येक पेऱ्यास मुळ्या फुटतात. दुसरा लव्हाळा, वैद्य ज्यास मुस्ता म्हणतात तो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या, जगातील सर्वांत वाईट तणांविषयीच्या इंग्रजी ग्रंथात त्यास पहिला क्रमांक देण्यात आला आहे, आणि ज्याने तो एकदा खुरपला आहे त्यास याचे आश्चर्य वाटणार नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली बारीक दोऱ्यासारख्या मुळीने एकमेकींस माळेप्रमाणे जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर शेंड्याकडील गाठ फुटते व मागच्या बऱ्याचशा गाठी निजून राहतात. माळ तुटली की त्या निजलेल्या गाठी जाग्या होऊन प्रत्येकीस कोंब येतो. रोटाव्हेटरने आम्ही नेमके हेच केले: हजारो माळा एका दिवसात तोडल्या, वर पावसाची ओल दिली, आणि पुढे दोन महिने काही न करता वाट पाहिली.

तथापि मशागत वाईट असा निष्कर्ष यातून काढू नये. अमेरिकेतील अलाबामा संस्थानात झालेल्या व १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, दर तीन आठवड्यांनी, खंड न पाडता, दोन हंगाम जमीन नांगरीत राहिल्यास लव्हाळा नाहीसा होतो. कारण उघड आहे. कोंब वर येण्यास गाठीतील साठा खर्च होतो; पानांनी तो साठा परत भरण्यापूर्वीच कोंब तोडला की गाठीचे भांडवल घटत जाते, आणि शेवटी ती रिकामी होते. एवंच, एकदाच केलेली मशागत या तणास वाढविते व वारंवार केलेली मशागत त्यास मारते. आम्ही पहिलीच करून थांबलो होतो.

एकाच गवतास दोन न्याय

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अंगणातील हिरवळ व परड्यातील वाफे यांची कामे एकाच वेळी, एकाच रीतीने करू पाहणे ही आमची दुसरी चूक होती. आपल्या देशावरील हवेत उघड्यावरील हिरवळीस हरळीसारखे गवत नाही. उन्हाळ्यात ती वाळली तरी मरत नाही, आणि मृगाचा पाऊस पडताच हिरवी होते. म्हणजे जी हरळी वाफ्यात मुळासकट वेचून जाळावयाची, तीच अंगणात खाऊ-पिऊ घालून वाढवावयाची. वाफ्यात सर्व जमीन उघडी करून उन्हात तापवावयाची; अंगणात जमीन मुळीच उघडी पडू द्यावयाची नाही. वाफ्याचा हंगाम उन्हाळा, हिरवळीचा हंगाम पावसाळा. हा भेद एकदा लक्षात आला की पुढचे सर्व काम सोपे होते, निदान नीट क्रमाने तरी करता येते.

वाफ्यांची उन्हाळी मशागत

काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते, म्हणून फाल्गुनातच हलके पाणी देऊन वाफसा येताच खणणीस हात घालावा. आम्ही मार्च २०२४ मध्ये दोन गडी व स्वतः मिळून नऊ दिवसांत दीड गुंठा जागा टिकाव व कुदळीने एक फूट खोल खणली. ढेकळे फोडू नयेत. ती मोठीच ठेवून उलथी टाकावीत, म्हणजे खालची मुळे वर येऊन उन्हास लागतात. खणताना कुदळ मारून पुढे न जाता, सैल झालेल्या मातीतून हरळीच्या काशा हाताने ओढून काढाव्यात. तोडल्यास आतील तुकडा राहतोच. लव्हाळ्याच्या दिसतील तितक्या गाठी वेचाव्यात. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत सापडतात, पण काही फुटभराच्याही खाली असतात, म्हणून खणणी उथळ करून भागत नाही.

वेचलेला माल उकिरड्यात टाकू नये. आम्ही जुन्या सवयीप्रमाणे टिपण ठेवले होते. त्या पहिल्या वेचणीत काशा व गाठी मिळून सेहेचाळीस घमेली निघाली. ती पत्र्यावर पसरून पंधरा दिवस कडक वाळविली व मग जाळली. यानंतर चैत्र-वैशाखात त्या जमिनीवर पाण्याचा थेंब पडू द्यावयाचा नाही, हा नियम. ढेकळांत राहिलेल्या गाठी व काशा ऊन व कोरड यांनीच मरतात. पंधरा-वीस दिवसांनी ढेकळे एकदा पालथी करावीत. वळवाचा पाऊस झाला तर आठ-दहा दिवसांत जिवंत राहिलेल्या गाठी कोंबांनी स्वतःच आपला पत्ता सांगतात; त्या वेळी दुसरी वेचणी करावी. आमच्या दुसऱ्या वेचणीत सतरा घमेली निघाली.

एका वाफ्यावर आम्ही निराळा प्रयोग केला. इस्रायल देशात याकोव्ह काटान व त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली अशी रीत प्रसिद्ध केली की, ओलसर जमिनीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून, कडा मातीत दाबून, भर उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे ठेवावा. म्हणजे आतील उष्णतेने रोगाचे जंतू व तणांचे बी मरते. कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्यातही तणाचे बी जाळणे हा एक हेतू असतोच. येथे जाळण्याचे काम सूर्याकडे सोपविले जाते. आमच्या त्या वाफ्यात पावसाळ्यात घोळ, माठ व गाजरगवत जवळजवळ उगवलेच नाही. लव्हाळा मात्र उगवला. खोल गाठींपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नाही, सबब बियांच्या तणांसाठी ही रीत उत्तम, पण लव्हाळ्यासाठी हिच्यावर विसंबू नये.

ताग, खत व पहिली लागण

रोहिणीत ढेकळे फोडून जमीन सपाट केली व मृगाचा पाऊस होताच सर्व वाफ्यांत ताग पेरला. बी गुंठ्यास अर्धा ते पाऊण किलो, म्हणजे दाट धरावे. हेतू दोन. ताग जमिनीस हिरवळीचे खत देतो हे सर्वांस ठाऊकच आहे. दुसरा हेतू सावलीचा. लव्हाळा व हरळी दोन्ही उन्हाची भुकेली आहेत. कमरेइतका दाट ताग झाला की त्याखाली ती फिकट व लांबट होऊन हतबल होतात. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी, फुलकळी दिसू लागताच व देठ कोवळा असतानाच, ताग कापून, तुकडे करून जमिनीत गाडावा. उशीर झाल्यास देठ दोरासारखा होतो व कुजत नाही.

ताग कुजण्यास सुमारे चार आठवडे द्यावे. या अवधीत आणि त्यानंतरही लागणीची घाई करू नये. वाफे बांधून, पाऊस नसल्यास पाणी देऊन, तण मुद्दाम उगवू द्यावे व ते दोन पानांवर आले की खुरप्याने इंचभर जमीन हलवून ते मारावे. असे दोनदा करावे. हलविणे उथळ ठेवावे. खोल गेल्यास खालचे निजलेले बी वर येऊन सर्व श्रम फुकट जातात.

खताविषयी एक सूचना जरूर आहे. शंभर चौरस फूट वाफ्यास चार-पाच घमेली पूर्ण कुजलेले शेणखत पुरे होते. परंतु ते पूर्ण कुजलेलेच पाहिजे. जनावराच्या पोटातून तणाचे बी जिवंत बाहेर पडते, व अर्धकच्च्या खताबरोबर हुमणीही येते. म्हणजे मोठ्या कष्टाने स्वच्छ केलेल्या वाफ्यात आपण हाताने पुन्हा तण पेरतो. सर अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे सिद्ध केलेली व १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली कंपोस्टाची पद्धत येथे उपयोगी पडते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ओल राखून, ढीग वेळोवेळी उलथला म्हणजे तो आतून इतका तापतो की हात घालवत नाही, आणि त्या उष्णतेने बहुतेक बी मरते. ढिगाच्या कडेचा भाग तापत नाही, म्हणून उलथताना बाहेरचे आत गेले पाहिजे.

पहिल्या वर्षी काय लावावे, हाही विचार महत्त्वाचा आहे. ज्या वाफ्यात लव्हाळा होता तेथे पहिल्या वर्षी कांदा, लसूण, मेथी व कोथिंबीर लावू नये. कांदा व लसूण यांची पात सावली देत नाही, लहानपणी ती लव्हाळ्याशी मिळतीजुळती दिसते व खुरपणारास फसविते. मेथी-कोथिंबिरीत खुरपे फिरविण्यास जागाच नसते. त्याऐवजी मोठ्या पानांची व अंतराने लावण्याची पिके घ्यावीत: वांगी, कोबी, नवलकोल, घेवडा, चवळी, भोपळा. आम्ही हस्त नक्षत्रात वांगी व कोबीची रोपे दीड-दोन फूट अंतरावर लावली व मधल्या जागेत दर पंधरा-वीस दिवसांनी खुरपे फिरविले. एका वाफ्यात रताळ्याचे वेल लावले होते. त्यांनी जमीन झाकली, आणि रताळी काढताना जमीन पुन्हा खणली जाऊन उरलेल्या गाठी वेचण्याची संधी फुकट मिळाली.

हिरवळीचे काम

हिरवळ मात्र खणू नये. तिच्यात जोवर निम्मी तरी हरळी शिल्लक आहे तोवर ती नवीन लावण्याचे कारण नाही. हरळीस अनुकूल व तणास प्रतिकूल अशी स्थिती करून दिली म्हणजे ती आपली जागा स्वतः परत घेते. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर आम्ही प्रथम उंच तणे उपटली, मग सर्व गवत विळ्याने कापले आणि दाताळे ओढून वाळलेला केर काढला. रानटी वाढलेले गवत एकदम जमिनीलगत छाटू नये. दोन-तीन वेळा करून खाली आणावे, व पुढे दीड इंचाच्या खाली जाऊ नये. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये हा सामान्य नियम आहे. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी कापणी झाली पाहिजे. हरळी आडवी पसरते, म्हणून कापल्याने दाट होते. गाजरगवत व टाकळा यांस उभे वाढावे लागते, त्यांचा शेंडा गेला की ती मागे पडतात.

यानंतर जमीन पाहावी. आमच्या अंगणात लव्हाळ्याचा मुख्य अड्डा पन्हळीच्या पाण्याच्या डबक्यापाशी होता. तेथून चर काढून पाणी आंब्याच्या आळ्यात सोडले व खोलगट भाग चाळलेली माती, वाळू व कुजलेले खत यांच्या मिश्रणाने थोडाथोडा करून भरला. एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त थर दिल्यास खालचे गवत गुदमरते. मोटारसायकलच्या वाटेने जमीन घट्ट झाली होती तेथे पहारेने वीत-वीत अंतरावर चार इंच खोल भोके पाडून त्यात वाळू भरली.

जेथे हरळी पार गेली होती तेथे दोन रीती वापरल्या. लहान जागेत मुळ्यांसह काड्या तीन-चार इंचांवर खोवल्या. मोठ्या जागेत हरळीचे बोटभर तुकडे, ताजे शेण व माती समभाग घेऊन, पाण्यात कालवून, त्याचा इंचभर थर ओल्या जमिनीवर लिंपला व वर पाचट पसरून ओल राखली. दोन्ही जागा गणेशचतुर्थीपर्यंत भरून आल्या. गवतास खाणेही पाहिजे. गुंठ्यास अर्धा किलो युरिया, पाने कोरडी असताना, सारखा पसरून लगेच पाणी द्यावे, व पावसाळ्यात महिना-दीड महिन्याने पुन्हा द्यावा. पाऊस संपल्यावर रोज थोडे शिंपण्यापेक्षा पाच-सात दिवसांनी भरपूर भिजवावे, म्हणजे मुळे खोल जातात.

हिरवळीतील लव्हाळ्याचे काय, असे कोणी विचारील. तो खणून काढू गेल्यास हरळी निघते व उघड्या जागेत लव्हाळाच पुन्हा येतो. आम्ही दर पंधरवड्यास खुरप्याच्या टोकाने तो मुळाच्या मानेशी छाटीत गेलो, आणि हरळी दाट होऊ दिली. हळूहळू तो विरळ होतो. एका हंगामात जात नाही.

आंब्याच्या दाट सावलीत हरळी वाढत नाही. वडिलांनी तेथे दोनदा प्रयत्न केल्याचे आठवते, आम्हीही एकदा केला. तो हट्ट सोडून तेथे हळद व आले लावले. ती पिके विरळ सावली सोसतात.

शेवटचे व फार महत्त्वाचे काम सीमेचे. हिरवळ व कडेची फुलझाडे यांमध्ये विटा उभ्या पुरून नऊ इंचांचा बांध केला व बाहेर येणारे हरळीचे धावते कोंब दर पंधरवड्यास फावड्याने छाटण्याचा नियम ठेवला. जमिनीच्या हद्दीचे तंटे आम्ही कागदावर पुष्कळ पाहिले. हरळीइतका चिकाटीचा अतिक्रमण करणारा मात्र पाहिला नाही.

औषधांविषयी

तणनाशकांविषयी प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात लिहितो. ग्लायफोसेट हे मुळापर्यंत जाणारे औषध आहे, पण ते हिरवळ व तण असा भेद करीत नाही; शिवाय केंद्र सरकारने २०२२ साली त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. २,४-डी हे रुंद पानांची तणे मारते व हरळीस सोडते, परंतु त्याचे तुषार वाऱ्याने द्राक्ष, कापूस किंवा टोमॅटो यांवर गेल्यास शेजाऱ्याचे मोठे नुकसान होते. विहीर, जनावरे व घरातील मुले-माणसे जेथे हाताच्या अंतरावर आहेत, अशा दोन-तीन गुंठ्यांसाठी आम्हास त्यांची गरज वाटली नाही.

फलनिष्पत्ती

दिवाळी २०२४ पर्यंत हिरवळ दाट झाली होती व वाफ्यांत वांग्यांस फुले आली होती. पुढील उन्हाळ्यात तिसरी वेचणी योजिली होती. परंतु २०२५ चा मे महिना आपल्याकडे पावसातच गेला, व उन्हात तापविण्याचे काम अर्धेच झाले. त्या वेळी नऊ घमेली माल निघाला. म्हणजे लव्हाळा अद्याप संपलेला नाही, आणि तो संपला असे जो कोणी एका वर्षात सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. परंतु आता तो आमच्या ताब्यात आहे, आम्ही त्याच्या ताब्यात नाही.

ठोकळ्यांचा प्रश्नही निकालात निघाला. फाटकापासून ओट्यापर्यंत तीन फूट रुंदीची फरसबंद वाट करावी, असे चिरंजीवांनी सुचविले व आम्ही ते मान्य केले, कारण रात्री पाय कोठे पडतो ते दिसलेच पाहिजे. बाकी अंगण मोकळे राहिले. आखूड गवतात सर्पास लपावयास जागा नसते. त्यानंतर पायरीशी तो दिसलेला नाही, तरी कंदील किंवा विजेरी घेतल्याशिवाय अंधारात उतरू नये हा घरचा नियम कायम आहे. मातोश्री सायंकाळी पुन्हा पायरीवर बसतात. नियमित कापलेल्या हिरवळीत पूजेच्या दूर्वा मिळत नाहीत अशी त्यांनी पहिल्या वर्षी तक्रार केली, सबब ओट्याच्या उजव्या अंगास दोन हात जागा न कापता राखली आहे. यंदाच्या गणेशचतुर्थीस गल्लीतील पाच-सहा घरी त्याच जागेतून दूर्वा गेल्या.

ज्या बंधूंस हे काम करावयाचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: वाफे फाल्गुनात उघडावे व हिरवळ मृगात सांभाळावी; मुळांचे तण एकदा तोडून सोडू नये; आणि कच्चे खत वाफ्यात घालू नये. फाल्गुनास अद्याप अवकाश आहे. तोवर कुदळीस नवा दांडा बसवून ठेवावा व खताचा ढीग एकदा उलथून घ्यावा, इतके सुचवून हा लेख पुरा करितो.